भेटीची वेळ: तीन ते पाच

१

तीनची घंटा झाली की आम्ही स्वयंसेवक कुणाची ना कुणाची मुलं व्हायचो. पाचच्या घंटेला पुन्हा आपले आपण. हेच आमचं काम होतं, आणि यासाठी मी दोन विमानं आणि एक खटारा बस बदलून आलो होतो.

आश्रम डोंगराच्या पलीकडे होता. बस आठवड्यातून एकदा. लांबलचक एकमजली इमारत, चाळीस खाटा, चाळीस म्हातारे-म्हाताऱ्या. भेटीच्या खोलीत समोरासमोर खुर्च्यांच्या जोड्या मांडलेल्या असायच्या आणि खोलीला फिनेलचा वास. ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, त्यांच्यासमोर आम्ही बसायचं. त्यांनी ज्या नावाने हाक मारली त्या नावाला ओ द्यायची. 'मी तुमचा मुलगा नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आणि पाच वाजता बाहेर पडताना दाराशी टेबल टाकून बसलेल्या मोठ्या सिस्टरांना आपलं खरं नाव, आडनावासकट, खणखणीत आवाजात सांगायचं.

"हे कशाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. कशाला विचारल्याशिवाय मला अन्न पचत नाही, ही घरातली जुनी तक्रार आहे.

"तुमच्यासाठीच," सिस्टर म्हणाल्या. "दोन तास दुसऱ्याचं होऊन बसायचं म्हणजे डोक्याला ताप असतो. स्वतःचं नाव घेतलं की बरं पडतं."

म्हटलं, ठीक आहे. सोपं काम आहे.

मी सव्वीस वर्षांचा. दोन नोकऱ्या मी सोडल्या, तिसरीने मला सोडलं. सकाळी उठायचं कशासाठी हेच कळेनासं झालं होतं. आपला कुणाला तरी उपयोग व्हावा, एवढंच डोक्यात होतं. कुणाला, ते मात्र मी नकाशावर शोधत बसलो.

"कमाल आहे तुझी," ताई भडकून म्हणाली होती. "बाबा जाऊन वर्ष नाही झालं. स्वतःची आई एकटी टाकून दुसऱ्यांच्या आया सांभाळायला निघालास?"

मी तिला उलट बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझे कपडे ती हाताने चाचपून चाचपून बॅगेत भरत होती.

"ऑपरेशनला येशील ना रे बाब्या?"

"येतो ना. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

२

मला अकरा नंबरच्या आजी दिल्या. आधीच्या एकाही स्वयंसेवकाशी त्या बोलल्या नव्हत्या. नुसत्या खिडकीकडे बघत बसायच्या. मी समोर बसलो, तर मान वळवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आलास?" त्या म्हणाल्या.

त्यांची भाषा मला मोडकीतोडकी यायची, पण एवढं कळलं. "आलो," मी म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेतला तो पाच वाजेपर्यंत सोडला नाही.

मुलगा कुठे असतो यांचा, मी सिस्टरांना विचारलं. "गेला परदेशी," त्या म्हणाल्या. "लोकांची सेवा करायची म्हणून गेला. बारा-तेरा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही." त्यांनी हे असं सांगितलं की जणू मुलगा कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय.

पाच वाजता दारात मी माझं नाव सांगितलं. मागे वळून पाहिलं, तर आजींनी दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून धरले होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्या हुंदके देऊन रडल्या. चौथ्या दिवशी पावणेपाचलाच माझं मनगट धरून म्हणाल्या, "ते दारातलं नको ना म्हणूस. मी काय वाईट केलंय तुझं?"

आता सांगा, कुणाला पाझर फुटणार नाही? पाच वाजले. एका आजोबांनी चहाचा आख्खा ट्रे उलथवला होता, सिस्टर फडकं घेऊन तिकडे धावल्या होत्या. दारात कुणी नव्हतं. मी वळून आजींना म्हणालो, "येतो आई." आणि नाव न सांगता बाहेर पडलो.

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी मी हवा होतो. पुढे रोज तसंच करू लागलो. सिस्टर वहीत डोकं घालून बसलेल्या असायच्या. त्यांनीही कधी टोकलं नाही.

३

फोनला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. रविवारी सकाळी मी आईला फोन करायचो.

"बाथरूमचा नळ बसवलास ते फार बरं झालं बाबा," आई म्हणाली. "टपटप ऐकून डोकं उठायचं."

"प्लंबर आला होता का?"

"प्लंबर कशाला?" ती म्हणाली आणि विषय बदलला.

मी मनाशी म्हटलं, ताईचे यजमान आले असतील, त्यांनी बसवला असेल. आईचं बोलणं हल्ली असंच, अर्धं वाक्य तोंडात आणि अर्धं मनात. त्या नळासाठी ती दोन वर्षं माझ्या मागे लागली होती. मी दर रविवारी 'बघतो' म्हणायचो.

त्याच दिवशी दुपारी आजी माझ्या बोटांकडे बघत एकदम हसल्या. "काकांच्या चष्म्यावर तू बसलास," त्या म्हणाल्या, "आणि मार खाल्ला बहिणीने. बोलला नाहीस ना? लबाड!"

मीही हसलो. आणि मग हसू तोंडातच राहिलं.

ही गोष्ट खरी आहे. मी सात वर्षांचा होतो. काकांचा चष्मा पलंगावर होता, मी त्यावर बसलो, फुटलेला चष्मा उशीखाली सरकवला आणि ताईने मार खाल्ला. मी हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ताईला नाही, आईलासुद्धा नाही.

मी डोकं शांत ठेवून विचार केला. चष्मा कुठल्या घरात फुटत नाही? काका, बहीण, मार, सगळं घरोघरी असतंच. आजींचा मुलगाही बसला असेल कुणाच्या तरी चष्म्यावर. मी हे स्वतःला तीन वेळा समजावलं. पण मला बहीण आहे हे मी आजींना कधी सांगितलं होतं, ते काही केल्या आठवेना.

४

पुढच्या रविवारी आई खुशीत होती. तिचा असा आवाज मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता.

"पेपर वाचून दाखवतोस ते बरं वाटतं," ती म्हणाली. "अग्रलेख वाचताना तेवढा घाई करतोस."

"आई, कोण पेपर वाचून दाखवतं?"

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"आई, मी इथे आहे. तीन महिने झाले. मी इथे आहे ना?"

"हो," ती म्हणाली. फार सावकाश म्हणाली. "तू तिकडे आहेस."

तेवढ्यात तिच्या मागे टेबलावर कप ठेवल्याचा आवाज आला, आणि एक माणूस म्हणाला, "गरम आहे, बेताने घे." साधा, मऊ आवाज. ओळखीचा होता पण कुणाचा ते लागेना. फोन तुटला. मी टाकीपाशी उभा राहून आठवत बसलो. ताईचे यजमान नव्हेत, शेजारचे नव्हेत, मामा नव्हे. मग सहज म्हणून मी ताईला पूर्वी पाठवलेला एक व्हॉइस मेसेज लावला. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो ना, तसा तो परका आवाज बोलू लागला. तोच होता.

ताईचा नंबर लावायला चार वेळा चुकलो.

"काय रे?" तिने फोन उचलला. मागे आमच्या घरातला पंखा घरघरत होता. म्हणजे ती माहेरी आली होती.

"ताई, आईजवळ कोण आहे?"

"म्हणजे काय? मी आहे, आई आहे, तू आहेस."

"मी इकडे आहे गं! परदेशात! तुझ्याशी फोनवर बोलतोय!"

ताई खो खो हसली. "नाटक्या! आत्ता तर पुन्हा चहा टाकतो म्हणून आत गेलास. स्वयंपाकघरातून फोन करतोस होय? महिनाभर परत येऊन झाला, तरी ह्याचे परदेशातले किस्से संपत नाहीत." मग फोन बाजूला धरून तिने हाक मारली, "अरे, साखर कमी घाल हं आईच्या!"

आणि आतून तो म्हणाला, "घातली कमी."

"ताई, काकांचा चष्मा मी फोडला होता," मी ओरडलो. "मार तू खाल्लास. मी आहे गं, मी!"

"माहितेय रे," ती म्हणाली. आता तिचा आवाज मऊ झाला होता. "परवाच तर पाय धरून माफी मागितलीस. किती वेळा मागशील? चल, ठेवते."

५

मी वेडा झालेलो नाही. हे मी त्या दिवशी स्वतःशी मोठ्याने म्हणालो. वेड्या माणसाला बसचं वेळापत्रक पाठ नसतं. मला होतं. बस बुधवारी, आईचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी. निघालो तर रविवारपर्यंत घरी पोचलो असतो.

पासपोर्ट मोठ्या सिस्टरांच्या कपाटात असायचे. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्या दिवसासारखं माझं नाव खणखणीत सांगितलं, आडनावासकट.

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याचं काय?"

"त्याचं म्हणजे? मीच तो. माझा पासपोर्ट द्या, मला घरी जायचंय."

"तो मुलगा गेला की," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यातच. आईच्या डोळ्यांचं काहीतरी होतं म्हणाला. चांगला होता. जरा शंकेखोर होता, पण चांगला." त्यांनी वही उघडून माझ्यापुढे फिरवली. माझं नाव, त्यापुढे 'पासपोर्ट मिळाला', आणि माझी सही. माझ्या सहीतला शेवटचा फराटा कुणाला जमत नाही. बँकेत मलाच दोनदा जमला नव्हता. इथे झकास जमला होता.

"मग मी कोण आहे?" मी विचारलं.

सिस्टर हसल्या. कौतुकाने हसल्या, तेच मला सहन झालं नाही. "अकरा नंबरचे चिरंजीव ना तुम्ही? उशिरा का होईना, आलात. म्हातारीने तुमच्यासाठी डोळे लावून ठेवले होते. आता तुमची खाट त्यांच्याच खोलीत टाकायला सांगितलीय."

बुधवारी मी तसाच बसवर गेलो. ड्रायव्हरने पायरीवरच अडवलं. "दादा, इतक्या वर्षांनी आलात आणि आईला टाकून पुन्हा निघालात?" आत बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. कुणी रागावलेलं नव्हतं. सगळ्यांना माझ्यासाठी वाईट वाटत होतं. दार बंद झालं आणि बस गेली.

६

आजींच्या खोलीत दुसरी खाट आली होती. तिच्यावर धुतलेली चादर, पायथ्याशी पुरुषाच्या जुन्या चपला. मी त्या घातल्या नाहीत. पण पाय शेजारी ठेवून पाहिला. मापाच्या होत्या.

तीन वाजता मी त्यांच्यासमोर बसलो आणि जे वाक्य उच्चारायचं नाही ते उच्चारलं.

"मी तुमचा मुलगा नाही."

आजी ऐकत होत्या. त्यांनी माझी मुडपलेली कॉलर सरळ केली. "नखं वाढलीत," त्या म्हणाल्या.

"मला जाऊ द्या. माझी आई आहे तिकडे. तिच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती फसलीय. तिच्या घरात कुणीतरी शिरलंय. तुमच्या पाया पडतो."

मी खरोखरच त्यांच्या पाया पडलो. फरशीवर कपाळ टेकून रडलो. लाज वगैरे काही उरली नव्हती. डोक्यावर त्यांचा हात फिरत राहिला, आणि काय सांगू, त्या हाताने मला जरा बरं वाटलं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

वर पाहिलं तेव्हा त्या नखं कापायची कात्री हातात घेऊन बसल्या होत्या. मी हात पुढे केला. नाही म्हणायची ताकद नव्हती.

७

एकच आशा होती. आईला दिसत नव्हतं. ताईला काय झालंय ते देव जाणे, पण आईला निदान दिसत नव्हतं. मंगळवारी डोळ्यावरची पट्टी निघणार होती. नऊ महिने पोटात वागवलेलं पोर ती ओळखणार नाही? शेजारी बसलेल्या त्या माणसाकडे ती एकदा नीट बघेल, आणि किंचाळेल. मग माझ्याकडे बघेल. बस, मला एवढंच हवं होतं. नंतर पासपोर्ट, पोलीस, काय लागेल ते. ती एकदा 'हा माझा नाही' म्हणाली असती, तर मी डोंगर चालत उतरलो असतो.

मंगळवारी सकाळी मी गच्चीवर जाऊन व्हिडिओ कॉल लावला. बॅटरी अर्धी होती. टाकीला पाठ लावून उभा राहिलो आणि जमेल तेवढा केसांवरून हात फिरवला. आईने मला अवतारात बघू नये असं वाटलं.

कॉल उचलला गेला. आधी छत दिसलं, आमच्या घराचं, पंख्याजवळच्या ओलीच्या डागासकट. मग चित्र हललं आणि आई दिसली. डोळ्यावर पट्टी नव्हती. डोळा लाल होता, पाणावलेला होता, पण उघडा होता. तिच्या मागे खुर्चीत ताई सफरचंद कापत बसली होती. घरात तिसरं कुणी दिसत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की आईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर आहेत. फोन दुसऱ्या कुणीतरी धरला होता. पडद्याच्या खालच्या कडेला त्याचा अंगठा तेवढा दिसत होता. नख नुकतंच कापलेलं होतं.

"आई," मी म्हणालो. "आई, मी दिसतो का?"

आई पुढे वाकली. डोळे बारीक करून तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं बघणं नव्हतं ते, ती मला एकेक करून तपासत होती, कपाळ, भुवया, हनुवटीवरचा तीळ. तिचे ओठ हलायला लागले.

"वाळलास रे बाब्या," ती म्हणाली.

माझा बांध फुटला. तिने ओळखलं होतं. एवढ्या मोठ्या जगात एका माणसाने मला ओळखलं होतं. "आई गं," मी रडत म्हणालो, "तो कोण आहे? तुझ्यासमोर फोन धरून बसलाय तो? बघ ना त्याच्याकडे. आता दिसतंय ना तुला? तो मी नाही आई!"

आईने फोनच्या वर नजर उचलली. समोरच्याच्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. तिने काय पाहिलं ते मला दिसत नव्हतं. मी वाट बघत होतो की आता ती किंचाळेल. ती दचकलीसुद्धा नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच कळलं. त्याने माझा हात धरला तेव्हाच. तू असा कधी धरला नाहीस."

"मग सांग ना ताईला! सांग सगळ्यांना! माझं नाव घे आई, एकदा नाव घे माझं!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. रागाने नाही. लहानपणी ताप आला की जशी बोलायची, तशी म्हणाली. "तुझं मन रमलंय ना तिकडे? तुझा कुणाला तरी उपयोग व्हायला हवा होता ना? होतोय ना?"

"मला यायचंय आई. मला घरी यायचंय."

मागे ताईने सफरचंदाची फोड तोंडात टाकली. आईच्या त्या नव्या डोळ्यातून पाणी गालावर उतरायला लागलं.

"हा जातो म्हणत नाही रे कधी," ती म्हणाली.

मग तिने पदराने गाल टिपला आणि नजर पुन्हा वर उचलली.

"फोन ठेव आता," ती म्हणाली. "डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

हे ती मला म्हणाली नव्हती. कडेचा अंगठा हळूच सरकत पडद्याच्या मधोमध आला.